पडद्यावरचा हनुमान आणि घरातला जांबवंत

(शिरवळ येथे पालक व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिरवळ हे नीरेच्या काठचे, महामार्गावरचे गाव. गेल्या काही दशकांत या परिसरात कारखाने उभे राहिले आणि पाळ्यांमध्ये काम करणारी अनेक कुटुंबे येथे स्थायिक झाली. वडील रात्रपाळीवरून परततात, त्या वेळी मुले शाळेला निघालेली असतात. आई कामावरून येते, तोवर मुलांची संध्याकाळ उलटून गेलेली असते. मधल्या वेळात मुलांच्या सोबतीला असतो तो हातातला मोबाईल. त्या छोट्या पडद्यावर एखादे दिवशी परदेशी सुपरहीरो असतो, तर एखादे दिवशी गदा घेतलेला आपला मारुती.

'द लेजंड ऑफ हनुमान' ही अ‍ॅनिमेशन मालिका जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली. शरद देवराजन, जीवन कांग आणि चारुवी अग्रवाल हे तिचे निर्माते. निवेदनाचा आणि रावणाचा आवाज शरद केळकर या मराठी प्रेक्षकांना सुपरिचित असलेल्या अभिनेत्याचा आहे. मालिका मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाली आणि २०२५ पर्यंत तिची सहा पर्वे आली. पहिल्या पर्वाचे सर्व भाग एकदम आले होते. नंतरच्या काही पर्वांत नवा भाग आठवड्याने येऊ लागला. साहजिकच दोन भागांच्या मधले दिवस चर्चेचे झाले. हनुमंताने हे का केले, रावण इतका विद्वान होता तर असा का वागला, पुढच्या भागात काय घडेल, असे प्रश्न मुले एकमेकांना विचारू लागली. या चर्चेत घरातील वडीलधारी मंडळी कोठे आहेत, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

वाट पाहण्याची जुनी सवय

कथेचा एक भाग ऐकावा, मग थांबावे आणि मधल्या काळात त्यावर बोलत राहावे, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. चातुर्मासात देवळात पोथी लागे. रोज एक अध्याय होई. कथा ऐन रंगात आली असता पुराणिकबुवा पोथी बांधून ठेवीत आणि श्रोते घरी जाताना त्याच कथेविषयी बोलत. कीर्तनातही पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, अशी योजना असे. श्रोत्याने शंका विचारावी आणि वक्त्याने तिचे निरसन करावे, हा तर आपल्या ग्रंथपरंपरेचा पायाच आहे. आपले बहुतेक मोठे ग्रंथ संवादाच्या रूपातच सिद्ध झाले आहेत.

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका सुरू झाली, तेव्हा हीच सवय नव्या रूपात प्रकट झाली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. कित्येक घरांत दूरचित्रवाणी संचाला हार घातला जाई. मूळ योजना बावन्न भागांची होती. लोकांच्या प्रतिसादामुळे ती अठ्ठ्याहत्तर भागांपर्यंत वाढली. राज्याभिषेकाजवळ मालिका संपणार असे दिसताच वाल्मीकी समाजातील सफाई कामगारांनी उत्तरकांडही दाखवावे यासाठी संप पुकारला आणि पुढे उत्तररामायणाची स्वतंत्र मालिका आली. कथा कोठे संपावी, हे सांगण्याचा अधिकार श्रोत्यांनी बजावला, असे हे उदाहरण आहे.

तथापि, त्या काळातील एक गोष्ट आज हरवली आहे. तेव्हा गल्लीत एखादाच संच असे. त्याच्यासमोर आजी, काका, शेजारी आणि मुले एकत्र बसत. मुलाने प्रश्न विचारला की आजी तेथेच उत्तर देई. आता प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा आहे. प्रश्न पूर्वीसारखेच पडतात, पण ते ऐकायला शेजारी कोणी नसते.

रेखाटलेल्या रामाची वाटचाल

देवादिकांची कार्टून कशाला, असा आक्षेप अनेक घरांतून ऐकू येतो. हा आक्षेप घेण्यापूर्वी थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. चित्रांना हालवण्याची कला महाराष्ट्राला परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्येच 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात आगपेटीतील काड्यांना पडद्यावर नाचवले होते. दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, त्यांचा 'लंकादहन' आला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. तरीही पडद्यावर प्रभू दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढीत, अशी आठवण सांगितली जाते. भक्ती माध्यमावर अवलंबून नसते, ती पाहणाऱ्याच्या मनात असते, हे त्या साध्या प्रेक्षकांनी सिद्ध केले होते.

यापेक्षाही उद्बोधक कथा युगो साको या जपानी गृहस्थांची आहे. १९८३ मध्ये भारतातील उत्खननांविषयी माहितीपट करीत असताना त्यांचा रामायणाशी परिचय झाला आणि ते त्या कथेने भारावून गेले. त्यांच्या कार्याविषयी वृत्तपत्रात आलेल्या मजकुरामुळे गैरसमज झाला आणि विश्व हिंदू परिषदेकडून निषेधाचे पत्र गेले. रामायण हा भारताचा राष्ट्रीय वारसा आहे, परकीयाने त्याचे मनमानी चित्रण करू नये, असा त्या पत्राचा आशय होता. साको यांनी पत्राकडे पाठ फिरवली नाही. त्यांनी परिषदेशी संवाद साधला. जपानमध्ये अ‍ॅनिमेशन ही गंभीर कला मानली जाते, तिच्याद्वारे रामकथा जगभर पोहोचेल, हे त्यांनी पटवून दिले. पुढे राम मोहन या भारतीय अ‍ॅनिमेशनच्या अध्वर्यूंच्या आणि कोइची सासाकी यांच्या साथीने, दोन्ही देशांतील सुमारे साडेचारशे कलावंतांनी हाताने चित्रे काढून 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा चित्रपट पूर्ण केला. नव्वदच्या दशकात निर्माण झालेला हा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये नव्याने भारतीय चित्रपटगृहांत आला. मधल्या काळात अनेक मुलांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला आणि मोठेपणीही त्यांच्या मनातला राम साको यांच्या रेषांतला राहिला.

या घटनेचा बोध दुहेरी आहे. आक्षेप घेणाऱ्यांची काळजी खोटी नव्हती आणि चित्र काढणाऱ्याची निष्ठाही खोटी नव्हती. दोघे बोलले म्हणून उत्तम कलाकृती जन्माला आली. न पाहता निषेध करणे सोपे असते. पाहून, विचारून, समजून घेऊन मत बनवणे अवघड असते, पण फळ त्यातूनच मिळते.

हनुमान सुपरहीरो आहे काय?

मुले सहजपणे हनुमंताला सुपरहीरो म्हणतात. त्यात त्यांचा दोष नाही. १९३८ मध्ये अमेरिकेत सुपरमॅन अवतरला, १९६२ मध्ये स्पायडरमॅन आला आणि त्यानंतर हे पात्रविश्व साऱ्या जगाच्या मुलांचे झाले. आपल्याकडे १९९७ ते २००५ या काळात दूरदर्शनवरील 'शक्तिमान'ने योग आणि पंचमहाभूतांचा आधार घेऊन देशी महानायक उभा केला. २००८ मध्ये हैदराबादच्या एका संस्थेने 'छोटा भीम' आणला. त्याच्याजवळ धोतर आणि बळ आहे, भीमाचे नावही आहे, पण महाभारत नाही. नाव पौराणिक असले की आशयही पौराणिक असतो, असा समज पालकांनी करून घेऊ नये.

परदेशी नायकांविषयी अन्यायाने बोलण्याचेही कारण नाही. शक्तीबरोबर जबाबदारी येते, हा धडा स्पायडरमॅनच्या कथेतही आहे आणि तो चांगलाच आहे. तरीही हनुमंताचा घाट निराळा आहे, तो मुलांना दाखवून दिला पाहिजे.

पहिला फरक असा. सुपरहीरोची ओळख त्याच्या ठोशाने होते. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडात हनुमंताची ओळख त्याच्या वाणीने होते. प्रथम भेटीतच प्रभू रामचंद्र लक्ष्मणाला सांगतात, की इतका वेळ बोलूनही याच्या तोंडून एक अशुद्ध शब्द गेला नाही, ज्याने वेदांचे आणि व्याकरणाचे अध्ययन केले नाही त्याला असे बोलता येणार नाही. वज्रासारख्या देहाच्या वीराची पहिली स्तुती त्याच्या भाषेबद्दल होते, ही गोष्ट शाळकरी मुलाला सांगण्याजोगी आहे.

दुसरा फरक समुद्रोल्लंघनात दिसतो. वाटेत तीन प्रसंग येतात. मैनाक पर्वत विश्रांती घेण्याचा आग्रह करतो. हनुमंत त्याला आदराने स्पर्श करून पुढे जातो, कारण कार्य अपुरे आहे. सुरसा तोंड पसरते. हनुमंत प्रथम मोठा होतो, मग अंगठ्याएवढा होऊन तिच्या मुखात शिरतो आणि बाहेर येतो. तेथे युक्ती चालते. तिसरी सिंहिका. ती सावली धरून ओढते, तेव्हाच त्याला बळ वापरावे लागते. तीनपैकी एकाच ठिकाणी प्रहार आहे. एका ठिकाणी संयम आहे आणि एका ठिकाणी बुद्धी. पडद्यावर तिसरा प्रसंग सर्वांत आकर्षक दिसणे स्वाभाविक आहे. पहिल्या दोन प्रसंगांकडे लक्ष वेधण्याचे काम घरातल्यांनी करायचे आहे.

तिसरा फरक सर्वांत हृद्य आहे. लंका जाळल्यावर हनुमंत आनंदाने नाचत नाही. त्याला धडकी भरते, की क्रोधाच्या भरात लावलेल्या या आगीत सीतामाई तर भस्म झाली नसेल? क्रोधाच्या आहारी गेल्याबद्दल तो स्वतःला दोष देतो. सीता सुरक्षित असल्याचे कळते, तेव्हाच त्याचे मन शांत होते. विजयाच्या क्षणी स्वतःच्या क्रोधाचा हिशेब मांडणारा वीर जगाच्या वाङ्मयात दुर्मीळ आहे. मुलाने आगीचा प्रसंग डोळे विस्फारून पाहिला असेल, तर त्यानंतरचा हा पश्चात्ताप त्याला अवश्य सांगावा.

'हे रामायणात नाही!'

मालिकेविषयी वडीलधाऱ्यांचा ठरलेला आक्षेप असतो: हे मूळ रामायणात नाही. तो ऐकताना आपली परंपरा काय सांगते, हे आठवावे. संत एकनाथांनी भावार्थ रामायण लिहायला घेतले, युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत ते आले आणि त्यांनी देह ठेवला. पुढचा ग्रंथ गावबा या त्यांच्या शिष्याने पूर्ण केला. श्रीधरस्वामींचा 'रामविजय' १७०३ मध्ये सिद्ध झाला आणि गावोगावच्या ओसरीवर वाचला गेला. मोरोपंतांनी तर निरनिराळ्या रचनाबंधांत एकशे आठ रामायणे लिहिली. अहिरावण-महिरावणाची कथा वाल्मीकींत नाही, तरी मराठी घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. पंचमुखी हनुमंताचे रूप याच कथेशी निगडित आहे आणि या मालिकेनेही ते रंगवले आहे. 'वाल्मीकींत नाही' एवढ्यावरून कथा टाकायची, तर आजीने सांगितलेल्या निम्म्या कथा टाकाव्या लागतील.

याचा अर्थ काहीही चालेल असा नाही. परंपरेने कथेत भर घातली, पण व्यक्तिरेखेचा गाभा जपला. एकनाथांच्या, श्रीधरांच्या आणि मोरोपंतांच्या ग्रंथांत प्रसंग निराळे आहेत, वर्णने निराळी आहेत, तथापि हनुमंताची दास्यभक्ती तीच आहे. नवी मालिका पाहताना हीच कसोटी लावावी. जी भर गाभा उजळते, ती स्वीकारण्यास हरकत नाही. जी भर हनुमंताला स्वतःच्या मोठेपणासाठी लढणारा नायक करील, ती मुलाला समजावून बाजूला ठेवावी. ही कसोटी लावण्यासाठी मात्र घरातल्या मोठ्यांना मूळ कथा ठाऊक असावी लागते. मुलाने मालिकेची सहा पर्वे पाहिलेली आणि वडिलांनी सुंदरकांड एकदाही उघडलेले नाही, अशी स्थिती असेल, तर मालिकेला दोष देऊन काय उपयोग?

एक उदाहरण घ्यावे. चौकस मुलाला हमखास पडणारा प्रश्न असा: हनुमंत अशोकवनात पोहोचला, मग त्याने सीतेला तेव्हाच पाठीवर बसवून का आणले नाही? युद्धच टळले असते. हा प्रश्न उद्धट नाही, उत्तम आहे. वाल्मीकींनी स्वतःच तो उभा केला आहे. हनुमंत सीतेला तसे सुचवतो आणि ती नकार देते. वेगाने जाताना आपण समुद्रात पडू, राक्षस पाठलाग करतील, हे ती सांगते. स्वेच्छेने परपुरुषाचा स्पर्श आपण करणार नाही, असेही सांगते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रामाने स्वतः येऊन रावणाला जिंकावे आणि आपल्याला न्यावे, हेच रामाला शोभेल, असे ती म्हणते. बंदिवासातही निर्णय तिचा आहे आणि महाबली हनुमंत तो मान्य करतो. शक्ती अंगी असूनही ज्याचा निर्णय आहे त्याचा मान राखणे, हा संस्कार या एका प्रश्नाच्या उत्तरात सामावला आहे. उत्तर देणारा कोणी नसेल, तर प्रश्न तेथेच विझतो.

जांबवंताचे काम

मालिकेच्या पहिल्या पर्वाचा गाभा हनुमंताला झालेले स्वशक्तीचे विस्मरण आणि पुन्हा झालेले स्मरण हा आहे. मूळ कथा प्रसिद्धच आहे. बालपणी ऋषींच्या आश्रमांत खोड्या केल्यामुळे हनुमंताला शाप मिळाला, की कोणी आठवण करून देईपर्यंत तुला तुझ्या बळाचा विसर पडेल. समुद्रतीरावर सारे वानरवीर हताश होऊन बसले, प्रत्येकाने आपण किती योजने उडू शकतो ते सांगितले, हनुमंत मात्र एकीकडे गप्प होता. त्या वेळी वृद्ध जांबवंत त्याच्याजवळ गेला. त्याने हनुमंताला जन्मकथा सांगितली, त्याच्या पराक्रमाची आठवण दिली. मग हनुमंत उठला.

जांबवंताचे वय झाले होते. समुद्र ओलांडून परत येणे आता त्याच्या आवाक्यात नव्हते. पण कोण उडू शकेल, हे त्याला ठाऊक होते आणि योग्य क्षणी तो बोलला. कथेतला खरा धडा पालकांसाठी आहे. आजच्या मुलाच्या हातात जे तंत्र आहे, ते आजोबांना कदाचित कधीच जमणार नाही. त्याची गरजही नाही. मुलगा गप्प बसला असताना त्याच्याजवळ जाऊन बसणे आणि तो कोण आहे याची त्याला आठवण देणे, एवढे मात्र आजोबाच करू शकतात. पडदा हनुमंत दाखवू शकतो. जांबवंताची जागा तो घेऊ शकत नाही, कारण समोरच्या मुलाचे नावही त्याला ठाऊक नसते.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि पालकांनी फार मोठे संकल्प करू नयेत. आठवड्यातून एक भाग मुलांबरोबर बसून पाहावा. पाळीमुळे सर्वांना जमत नसेल, तर ज्याची सुटी असेल त्याने बसावे. शेजारच्या घरातली दोन मुले बोलवावीत. भाग संपल्यावर पडदा बंद करावा आणि अर्धा तास मुलांना बोलू द्यावे. लगेच उपदेश करू नये. त्यांचे प्रश्न आधी ऐकावेत. उत्तर येत नसेल, तर ते पुढच्या शनिवारपर्यंत शोधून आणावे. माळ्यावर पडलेला 'रामविजय' खाली उतरवावा. मुलाच्या प्रश्नासाठी वडिलांनी पोथी उघडली, हे दृश्य मुलाच्या मनावर कोणत्याही मालिकेपेक्षा खोल ठसते.

या जिल्ह्याला आणखी एक भाग्य लाभले आहे. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात आहेत: शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन. बहे आणि शिराळा सांगली जिल्ह्यात, तर मनपाडळे आणि पारगाव कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. शिरवळहून महामार्गाने दक्षिणेस निघाले की उंब्रज वाटेवरच लागते आणि तेथून चाफळ जवळ आहे. मुलांना तेथे न्यावे. चाफळला राममंदिरासमोर हात जोडून उभा असलेला दासमारुती आहे आणि मंदिरामागे प्रतापमारुती आहे. एकाच मारुतीची ही दोन रूपे थोड्या पावलांच्या अंतरावर आहेत. पडद्यावर मुलांनी प्रताप भरपूर पाहिला आहे. जोडलेले हात त्यांना येथे पाहता येतील.

चाफळच्या राममंदिराची उभारणी १६४८ मधली सांगतात. त्याच वर्षी, फत्तेखानाच्या स्वारीत, शिरवळच्या सुभानमंगळ या भुईकोटावर स्वराज्याच्या सैन्याने झेप घेतली. बाळाजी हैबतरावाच्या हाती गेलेला कोट कावजी मल्हार यांनी परत जिंकला. शिवछत्रपतींच्या सैन्याच्या अगदी आरंभीच्या लढायांपैकी ही एक. आज नीरेच्या काठी त्या कोटाच्या खुणा शोधाव्या लागतात. शिरवळच्या मुलांना लंकेचा कोट चित्रासह पाठ आहे, पण गावातला कोट कोठे होता, हे त्यांतल्या कितीजणांना दाखवता येईल?

त्यांना तेथे नेऊन उभे करणे, ही कथा सांगणे आणि घरी आल्यावर कागद-पेन्सिल हाती देऊन कावजी मल्हारांचे चित्र काढायला सांगणे, हे काम कोणताही निर्माता शिरवळसाठी करणार नाही. ते शिरवळच्याच जांबवंतांनी करायचे आहे.